सिंगल स्किन स्नोकाइट कसा निवडला, हार्डांगरविड्डावरचा अनुभव

अख्खा एक हिवाळा भाड्याच्या आणि मैत्रिणींच्या काइटवर काढल्यावर शेवटी मी स्वतःचा स्नोकाइट, म्हणजे बर्फावर स्कीवरून आपल्याला ओढून नेणारा पतंग, घेतला, सिंगल स्किन म्हणजे एकाच कापडाचा, ६ स्क्वेअर मीटरचा. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की हाच का, डबल स्किन का नाही, मोठा का नाही, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते. नॉर्वे, स्वीडन, स्वित्झर्लंड, कॅनडा इकडे राहणारी आपली मंडळी आता हिवाळ्यात घरात न बसता स्की करायला लागलीत, त्यातल्या कुणाला तरी नक्की उपयोग होईल.

मी ऑस्लोत राहते, मूळची येवल्याची. आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस गावातलं कुणी गच्चीवरून खाली उतरत नाही आणि आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, हातात घेऊनच आम्ही मोठे झालो, त्यामुळे वाऱ्याचा झोत आला की हात आपोआप ढील देतो, आणि काइटचा बार, म्हणजे हातात धरायचा दांडा, पुढे ढकलणं म्हणजे तेच. बाकी साम्य तिथेच संपतं कारण इथे पतंगाच्या जोरावर आपण स्वतः स्कीवर ओढले जातो, कमरेला हार्नेस म्हणजे पट्टा, त्याच्या हुकात बारचा चिकन लूप नावाचा फासा, त्यातून २० ते २५ मीटर लांब दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला पंख.

जागा हार्डांगरविड्डा, दक्षिण नॉर्वेतलं मोठं पठार. ऑस्लो ते बर्गन रेल्वेवर साधारण चार तासांवर हाउगास्टॉल नावाचं स्टेशन आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर, समोर उस्तेवात्न तलाव गोठलेला, आणि त्यापलीकडे झाड नाही, कुंपण नाही, नुसतं पांढरं पठार. पुढे फिन्से, १,२२२ मीटर, नॉर्वेतलं सगळ्यात उंच रेल्वे स्टेशन, तिथे गाडीरस्ता जातच नाही. काइटसाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. पण एक गोष्ट आधीच सांगते, या भागात रानटी रेनडिअर आहेत, त्यांच्यासाठी राष्ट्रीय उद्यानांमध्ये काइटवर नियम आहेत, कुठे चालतं कुठे नाही हे स्थानिक लोकांना विचारूनच निघायचं, आणि कळप दिसला तर काइट खाली उतरवून लांबून जायचं. यात काही तडजोड नाही.

शिकले मी डबल स्किन ओपन सेलवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, फॉइल काइट म्हणजे पॅराग्लायडरसारखा कापडी पंख, फुगवायची नळी नाही. डबल स्किनमध्ये वर एक कापड, खाली एक कापड, मध्ये कप्पे, पुढच्या कडेला तोंडं, वारा आत शिरतो, कप्पे फुगतात आणि पंखाला आकार येतो. क्लोज्ड सेलमध्ये त्या तोंडांना झडपा असतात म्हणून तो पाण्यावरही चालतो. सिंगल स्किनमध्ये खालचं कापडच नाही, वरचं एक कापड, त्याखाली उभ्या पट्ट्या आणि त्यांना बांधलेल्या बारीक ब्रायडलच्या दोऱ्या, आकार टिकतो तो या दोऱ्यांच्या ताणावर आणि पुढच्या कडेला शिवलेल्या छोट्या प्लास्टिकच्या काड्यांवर. फुगायचं काही नसल्यामुळे वारा लागला की लगेच उडतो.

खरं तर एका कापडाचीच कल्पना आधीची आहे. फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांची बायको गर्ट्रूड यांनी १९४८ मध्ये घरातल्या जुन्या पडद्याच्या कापडातून लवचिक पंख बनवला, पुढे नासाने अंतराळयान खाली उतरवायला तो चालेल का म्हणून त्यावर बरीच वर्षं काम केलं. कप्पे फुगवणारा पंख डॉमिना जॅल्बर्टने काढला तो १९६४ मधला. मग पॅराग्लायडिंगवाल्यांना डोंगर चढून वरून उडी मारायला हलकं काहीतरी हवं होतं म्हणून सिंगल स्किन पुन्हा आला, आणि तिथून बर्फावर. म्हणूनच हे काइट बनवणारी नावं बघितली तर बरीचशी पॅराग्लायडरवालीच दिसतात, फ्लायसर्फर हा जर्मनीतल्या स्कायवॉकचा ब्रँड, त्यांची पीक मालिका इथे सगळ्यात जास्त दिसते, ओझोनचा सबझिरो, जिनचा माराबू, शिवाय बॉर्न काइटचे नासा स्टार. मला ही गोष्ट फार आवडते, की नानसेनने १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडताना घसरगाड्यांना शीड बांधलं, मेसनर आणि फुक्स १९८९-९० मध्ये अंटार्क्टिकावर शिडांची मदत घेत गेले, आणि आज तेच काम करणारी वस्तू माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये मावते, आणि वर थर्मास, जाड जॅकेट, फावडं हे सगळं ठेवायला जागा उरते.

आता निवडण्याबद्दल. मी सुरुवातीला सगळ्यांसारखीच व्हिडिओ बघत बसले. व्हिडिओत काय दिसतं तर काइट उडताना, वेग, उड्या, उतारावरून तरंगत जाणं. पण पठारावर दिवसभर कुणाबरोबर गेलात तर लक्षात येतं की निम्मी डोकेदुखी काइट उडत नसताना असते. वाऱ्यात पसरायचा, दोऱ्या सोडवायच्या, एकट्याने वर न्यायचा, जेवायला थांबलो की उतरवायचा, बर्फाखाली दाबून ठेवायचा, वारा पडला की गुंडाळून चालायचं, पुन्हा वारा आला की पुन्हा पसरायचा, आणि हे सगळं जाड मिटन, म्हणजे बोटं एकत्र राहणारे हातमोजे, घालून. उणे १० तापमानात १० मीटर प्रति सेकंद वारा असला की अंगाला उणे २० लागतं, अशा वेळी मिटन काढून गाठ सोडवायला तुमच्याकडे जेमतेम मिनिटभर असतं, मग बोटं ऐकत नाहीत. म्हणून मी ठरवलं की काइट जमिनीवर कसा वागतो हे आधी बघायचं, हवेत कसा वागतो हे नंतर. माझ्या मते निवडण्याची हीच खरी पद्धत आहे, निदान ज्यांना फिरायला जायचंय त्यांच्यासाठी. ज्यांना शर्यती करायच्या आहेत त्यांचं गणित वेगळं.

या कसोटीवर डबल स्किन आणि सिंगल स्किन एकाच दिवशी एकामागोमाग एक उडवून बघितले, मैत्रिणीने तिचा दिला, दुसरा भाड्याने घेतला. हलका वारा होता, ३ ते ४ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. डबल स्किन वर जायला वेळ घेत होता, कप्पे अर्धवट भरायचे, एका बाजूचं टोक दुमडायचं, मी मागे चालत चालत ओढत राहायचे. सिंगल स्किनला बार धरून दोन पावलं मागे गेले आणि तो सरळ वर. डोक्यावर नेऊन सोडला की तिथेच उभा राहतो, सारखं सांभाळावं लागत नाही, एका हाताने बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवायची पकड, लावता येतं. वारा क्षणभर पडला तर तो मागे मागे सरकत हळू खाली येतो, एकदम कोसळत नाही. उतरवायला मागच्या दोऱ्या ओढल्या की उलट्या पावली खाली येतो, शेपटीकडची कड आधी टेकते, त्यावर पटकन बर्फ लोटला की झालं. नाकावर, म्हणजे पुढच्या कडेवर, पडला तरी मागच्या दोऱ्या ओढून उलटा उचलता येतो. आणि ओपन सेल नाकावर पडला की तोंडांतून आत बर्फ जातो, तो कप्प्यांच्या टोकाशी जाऊन बसतो, मग काइट हातात घेऊन झटकत बसा. सिंगल स्किनला आत असं काही नाहीच, बर्फ पडून जातो.

याच्या बदल्यात काय सोडावं लागतं तेही सांगते कारण दुकानात ते पुरेसं सांगत नाहीत. बार पूर्ण बाहेर सोडला की सिंगल स्किन फडफडतो, चांगला जोरात, पहिल्यांदा ऐकलं तर वाटतं फाटला. डबल स्किनमध्ये आतली हवा पंखाचा आकार धरून ठेवते, इथे वाऱ्याशी पंखाचा कोन कमी झाला की पुढच्या कडेचा ताण जातो आणि कापड सैल पडतं. या फडफडण्याने वर्षानुवर्षं शेपटीकडचं कापड झिजतं. वेग वाढला की खालून उघड्या पंखाला हवेचा विरोध जास्त होतो म्हणून टॉप स्पीड कमी, आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चढत जाणं, ज्याला अपविंड म्हणतात, तेही चांगल्या डबल स्किनपेक्षा कमी. एकाच टप्प्यात अर्धा किलोमीटर जास्त जावं लागलं तर मला चालतं, दिवस आपलाच असतो. उड्यांमध्ये तरंगायला हा नकोच, ज्यांना उड्या मारायच्या आहेत त्यांनी डबल स्किनच घ्यावा. ब्रायडलच्या दोऱ्याही बऱ्याच असतात आणि फार बारीक, त्या वाऱ्याने कडक झालेल्या बर्फाच्या कडांमध्ये, स्कीच्या बाइंडिंगमध्ये अडकतात, म्हणून काइट खाली असताना त्याच्याजवळ स्की घालून अजिबात जायचं नाही.

झोतांचा विषय मात्र वेगळा लिहायला हवा, कारण माझा निर्णय मुख्यतः त्यावर झाला. पठारावरचा वारा समुद्रावरच्यासारखा एकसारखा नसतो, टेकडीच्या मागून येतो, वळतो, मध्येच दुप्पट होतो. काइटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ५ चा वारा १० झाला तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते. ६ चा ८ झाला तरी पावणेदोन पटीच्या वर. माझ्यासारख्या ५८ किलोच्या बाईला ही चौपट ओढ काय करते हे कल्पना करा. सिंगल स्किनवर झोत आला आणि बार सोडला की तो फडफडतो खरा पण ओढ लगेच पडते, पुढे झेपावत नाही. फडफडण्याचा त्रास आणि हा फायदा एकाच कारणाने मिळतात, आकार धरून ठेवायला आत हवा नाही म्हणून. मला हा सौदा पूर्ण मान्य आहे.

मग साइज. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि ब्रँडपेक्षा हाच निर्णय मोठा आहे असं मी ठामपणे म्हणेन. कंपन्यांचे तक्ते ७५-८० किलोच्या माणसासाठी असतात. ढोबळ हिशोब असा की त्याच वाऱ्यात लागणारं क्षेत्रफळ वजनाच्या प्रमाणात, म्हणजे ८० किलोला ८ स्क्वेअर मीटर लागत असेल तर मला ५८ ला ५.८, म्हणजे ६. पाण्यावर काइट करणारे लोक बर्फावर आले की फार मोठा घेतात, कारण पाण्यात बोर्ड वर काढायलाच ताकद लागते, कडक बर्फावर स्की आपोआप घसरते, तिथे जवळजवळ निम्म्या साइजमध्ये काम होतं. ताजा खोल बर्फ असला तर पुन्हा जास्त लागतो. म्हणजे एकच वारा, एकच माणूस, पण सकाळी ६ पुरतो आणि रात्री ३० सेंटिमीटर बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी ८ हवासा वाटतो.

एक मुद्दा बरेच लोक सांगतात की थंड हवा जड असते म्हणून हिवाळ्यात लहान काइट घ्या. हे खरं आहे पण अर्धंच. उणे १० ची हवा २० डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण ११ टक्के जड असते, पण १,००० मीटर उंचीवर हवेचा दाब तेवढाच कमी होतो, दोन्ही जवळजवळ फिटतात. म्हणजे हाउगास्टॉलला उणे १० मध्ये हवेची घनता साधारण उन्हाळ्यातल्या समुद्रकिनाऱ्याएवढीच. गोठलेल्या फ्योर्डवर, समुद्रसपाटीला, उणे १५ मध्ये करत असाल तर मात्र तो सल्ला पाळा.

वारा किती असतो हे बघायला मी पूर्ण हिवाळा 'यर'वरचे अंदाज वहीत लिहीत गेले. हे नॉर्वेच्या हवामान खात्याचं आणि सरकारी प्रसारण संस्था एनआरकेचं, २००७ पासूनचं, आकडे मीटर प्रति सेकंदात असतात आणि झोतांचा आकडा वेगळा देतात. इथे लोक आकड्याऐवजी नावानेही बोलतात, लेट ब्रीस म्हणजे ३.४ ते ५.४, लाबर ब्रीस ५.५ ते ७.९, फ्रिस्क ब्रीस ८ ते १०.७, आणि त्याच्यावर लितेन क्युलिंग, तिथे मी घरात. वीकेंडला आम्ही जाऊ शकतो अशा दिवसांत सगळ्यात जास्त वेळा लेट आणि लाबर ब्रीसच आढळला, म्हणून ज्या वाऱ्याला माझा काइट लागतो तो वारा ४ ते ८. मग उत्तर सोपं झालं, ६ मीटर. व्हिडिओ बघून घेतला असता तर ४ किंवा ५ घेतला असता कारण व्हिडिओ सगळे जोरदार वाऱ्यातले असतात, आणि अर्धे वीकेंड मी वाऱ्याची वाट बघत बसले असते.

हलक्या वाऱ्यासाठी अजून एक युक्ती म्हणजे लांब दोऱ्या. जमिनीलगत वारा बर्फाला घासून मंदावतो, २५ मीटर वर बराच जास्त असतो, त्यामुळे दोऱ्यांना एक्स्टेन्शन जोडलं की तोच काइट आणखी हलक्या वाऱ्यात चालतो. उलट जोराच्या वाऱ्यात दोऱ्या आखूड केल्या की काइट फिरवताना येणारी ओढ कमी होते. मी २० मीटरच्या घेतल्या आणि ५ मीटरचं एक्स्टेन्शन खिशात ठेवते.

बारबद्दल कुणी बोलत नाही आणि माझ्या उंचीच्या लोकांना हा फार महत्त्वाचा आहे. माझी उंची १५८ सेंटिमीटर. सिंगल स्किनला ओढ पूर्ण घालवायला बार बराच लांब पुढे जाऊ द्यावा लागतो. एका बारवर तो पूर्ण सोडला की माझा हात ताणूनही पोचत नव्हता, म्हणजे झोतात बार सोडला आणि मग काइट वळवायचा कसा? दुकानात हार्नेस घालून, चिकन लूप हुकला अडकवून, कुणालातरी पुढच्या दोऱ्या ओढून धरायला सांगून हे बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे, लाजू नका. मी असा बार घेतला ज्यावर थांबा सरकवता येतो, म्हणजे बार किती पुढे जाईल ते आपण ठरवतो, बाकीची ओढ ट्रिमच्या पट्टीने, म्हणजे पुढच्या दोऱ्या आखूड करणाऱ्या पट्टीने, कमी करायची. ट्रिमची पट्टी मिटनने धरता येते का हेही तिथेच बघितलं. आणि क्विक रिलीज, म्हणजे धोक्यात काइट झटक्यात सोडायची कळ, मिटन घालून, डोळे मिटून, डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी उघडून बघितला. तो उघडल्यावर काइट एकाच पुढच्या दोरीवर झेंड्यासारखा पडायला पाहिजे, लिशला म्हणजे सुरक्षेच्या दोरीला लटकलेला, ओढ शून्य. हे मी दर वेळी पहिल्या उड्डाणाआधी करतेच.

हार्नेस बसका घेतला, मांड्यांभोवती पट्टे असलेला, कारण कमरेचा नुसता पट्टा जाड कपड्यांवरून बरगड्यांवर सरकतो. हेल्मेट, अर्थातच.

नवीन की जुना यावर घरात बरीच चर्चा झाली. नवरा म्हणाला, "अगं, पहिलाच आहे, जुना घे, खराब झाला तरी वाईट वाटणार नाही." मी म्हटलं, "अरे, पण सिंगल स्किनचा जुना ओळखायचा कसा ते तरी बघू." मग फिन या जुन्या वस्तूंच्या साइटवर शोधाशोध करून काही बघून आलो. बघायचं काय ते असं. शेपटीकडची कड उजेडासमोर धरायची, कापड विरळ किंवा पापुद्रे निघालेलं दिसलं तर फार फडफडलेला आहे. पुढच्या कडेच्या काड्या एक एक बोटाने दाबून बघायच्या, मोडलेली किंवा कायमची वाकलेली काडी असली तर तेवढा भाग हवेत दबतो. ब्रायडलच्या पुल्या फिरतात का, दोऱ्यांची वरची विण उसवलीय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोऱ्यांची लांबी. पुढच्या दोऱ्यांवर सगळा भार असतो त्या ताणून लांबतात, मागच्यांवर भार कमी, त्या ओल्या होऊन वाळून आखडतात, त्यामुळे जुना काइट हळूहळू आपोआप ब्रेक लावलेल्या अवस्थेत उडायला लागतो, सुस्त होतो, मागे पडतो, आणि विकणारा म्हणतो मॉडेलच तसं आहे. असाच एक काइट आम्ही उडवून बघितला, नुसता मागे बसत होता. चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून बार ओढला की फरक लगेच दिसतो, ब्रायडलमधल्या मिक्सरची, म्हणजे पुल्या आणि दोऱ्यांच्या जोडणीची, लांबीही कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे मोजता येते. त्यात दोऱ्यांची दुरुस्ती सोपी आहे, गाठी सरकवून होते, कापडाची नाही. म्हणून कापड बघून घ्या, दोऱ्या नंतर नीट करता येतात.

शेवटी मी एक वर्ष जुना घेतला, दुकानाच्या डेमोमधला, कापड कडक, काड्या सरळ. मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही कारण दर दोन-तीन वर्षांनी नवीन आवृत्ती येते आणि मग लोक तेच शोधत बसतात, वर लिहिलेल्या नावांपैकी कुठलाही चांगल्या अवस्थेतला आणि योग्य साइजचा मिळाला तर घ्या.

घेतल्यावरचा पहिला मोठा दिवस उस्तेवात्नवर आणि मग दक्षिणेकडच्या टेकड्यांवर. सकाळी ४ चा वारा, कडक बर्फ, काइट पसरायला शेपटीवर बर्फाचे ढेकळे ठेवले, बार एका स्कीला अडकवला, जाऊन दोऱ्या तपासल्या, परत येऊन हुक केलं, आणि एकटीने वर नेला. कुणाची मदत लागली नाही याचा आनंद मला वेगाच्या आनंदापेक्षा खूप मोठा होता. दुपारी झोत ९ पर्यंत गेले तेव्हा ट्रिम अर्धी ओढून आरामात चालवला, फडफड होत होती, होऊ दे. चढावर तर हा काइट फारच छान, हळू वेगात दमदार ओढतो, चढण आपण स्की उचलत गेलो असतो तर घाम निघाला असता ती बसल्यासारखी पार होते.

पण त्या चढण्याचीच एक धोक्याची बाजू आहे. काइट तुम्हाला जिथे पायांनी कधी गेला नसता अशा उतारावर सहज नेऊन ठेवतो, ३० अंशांच्या वरचा उतार म्हणजे हिमस्खलनाचा इलाखा, म्हणून वार्सोम या नॉर्वेच्या सरकारी हिमस्खलन इशाऱ्यांच्या साइटवर त्या दिवसाची धोक्याची पातळी बघितल्याशिवाय तलाव सोडायचा नाही. तलावांवरही, बरेच तलाव वीज प्रकल्पांसाठी नियंत्रित आहेत, हिवाळ्यात खालचं पाणी कमी होतं आणि किनाऱ्याजवळ बर्फ तडकतो, जिथे नदी येते-जाते तिथे तर पातळच असतो. आणि रेल्वे. बर्गन लाइनवर वरून १५ हजार व्होल्टची तार जाते, स्टेशनजवळ काइट उघडायचाच नाही, दोन-तीनशे मीटर तरी लांब, तेही वारा तारेकडे नेणार नाही अशा बाजूला.

आता नवऱ्यालाही घ्यायचाय. त्याचं वजन ८२. आधी वाटलं दोघांना मिळून चार काइट लागतील, मग कागदावर मांडलं तर तीनच पुरतात, ४, ६ आणि ८. ज्या वाऱ्यात मला ६ लागतो त्यात त्याला ८, आणि वारा वाढून मी ४ वर आले की ६ त्याच्यासाठी मोकळा होतो, भांडण नाही. बार एकाच कंपनीचे असले तर अदलाबदल करता येतात, फक्त थांब्याची जागा माझी वेगळी, त्याची वेगळी, ती दोरीवर मार्करने खूण करून ठेवलीय. ८ चा त्याने बुक केलाय. ४ चा मी जुना शोधतेय, बार नको, नुसता पंख आणि ब्रायडल, कापड उजेडासमोर धरून दाखवायला तयार असेल अशाच माणसाकडून.